पाणी इथवर येणार

वर्तमानपत्राच्या कचेरीत बातमी कोणीही आणतो. तिला मथळा द्यायला मात्र माणूस लागतो, आणि आमच्या कचेरीत तो माणूस मी आहे. हे वाक्य मी घरी बोलतो. कचेरीत बोलावं अशी परिस्थिती नाही.

माझा नियम साधा आहे. जो शब्द काढल्यावर अर्थ बदलत नाही, तो काढायचा. विशेषणांवर दया दाखवायची नाही. उद्गारचिन्ह दिसलं की आधी ते मारायचं आणि मग वाक्य वाचायचं. या नियमावर मी आजवर पोट भरलं, आणि याच नियमापायी एका भर दुपारी रिकाम्या बादल्या घेतलेल्या जमावापुढे मला उभं राहावं लागलं. ते कसं झालं ते क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण या प्रकरणात प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाच केलेला आहे.

सुरुवात सासूबाईंची. त्या चित्रकलेच्या शिक्षिका. निवृत्त झाल्या असं शाळेचं म्हणणं आहे. आमची गल्ली टेकडीवरून उतरत उतरत खाडीशी येऊन थांबते, आणि ती जिथे थांबते तिथे सासूबाईंचं घर आहे. तळमजल्यावर त्या, वर मी आणि बायको. मी त्यांना रीतसर भाडं देतो, तरी गल्ली मला घरजावई म्हणते. एकदा मी भाड्याच्या पावत्या दाखवल्या. तेव्हापासून गल्ली मला पावतीवाला घरजावई म्हणते.

गेली काही वर्षं मोठ्या भरतीच्या दिवशी खाडीचं पाणी गटारातून उलटं वर येतं आणि सासूबाईंच्या पुढच्या खोलीत शिरतं. पाऊस नसतो, ढग नसतो, बाहेर लख्ख ऊन असतं आणि खोलीत चपला तरंगत असतात. गल्लीचं मत होतं की गटार तुंबलंय. गटार साफ करणाऱ्यांचं मत होतं की गटार साफ आहे, गल्लीच खाली आहे. समोरच्या घरात एक काका राहतात. त्यांचं प्रत्येक वाक्य 'खरं तर'ने सुरू होतं, म्हणून त्यांना सगळे खरंतरकाका म्हणतात. त्यांचं मत पडलं की खरं तर बाईंनी चपला फळीवर ठेवायला हव्यात.

सासूबाईंनी मत दिलं नाही. त्या वाचायला लागल्या. हवा तापते आहे, बर्फ वितळतो आहे, समुद्र चढतो आहे, हे सगळं आमच्याही पानात येतं. पण आतल्या पानात, उजवीकडे खाली, जिथे जाहिरात न मिळाल्यास जागा उरते. सासूबाईंनी ते मूळ अहवाल वाचले, भरतीची कोष्टकं वाचली, आणि एक दिवस ताटावर बसल्या असताना जाहीर केलं की त्या गल्लीच्या सगळ्या भिंतींवर एक निळी रेघ ओढणार आहेत. आता जन्मलेली मुलं म्हातारी होतील तेव्हा मोठ्या भरतीचं पाणी जिथे पोचेल, त्या उंचीवर. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चित्र म्हणून एवढंच.

"एवढंच?" बायकोने विचारलं.

"आकडा दाखवला की माणूस मान डोलावतो," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्याच खिडकीवर रेघ दाखवली, तर निदान खिडकीकडे बघेल."

हे वाक्य मला आवडलं. त्यातला 'निदान' काढता येईल का, एवढाच विचार मी केला.

परवानगीसाठी नगरपालिकेच्या सुशोभन विभागात गेलो. तिथल्या कारकुनाने चित्राचा नमुना मागितला. सासूबाईंनी एक कोरा कागद टेबलावर ठेवला. त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक निळी रेघ होती, पट्टी न लावता हाताने ओढलेली आणि केसाइतकीही न हललेली. मी मनात दाद दिली. कारकुनाने कागद उलटा करून पाहिला. रेघ तशीच राहिली.

त्याने विचारलं की यात वर काय आणि खाली काय. सासूबाई म्हणाल्या, वर हवा, खाली पाणी. त्याबरोबर त्याचा चेहरा मोकळा झाला. पाण्याचा विषय सुशोभनाकडे येतच नव्हता. त्याने कागदावर 'विषय: पाणी' असं लिहिलं आणि प्रकरण पाणीपुरवठा विभागाकडे पाठवून दिलं.

पाणीपुरवठा विभागाने ते आपल्या पद्धतीने तपासलं. रस्ता खणणार का? नाही. नळजोडणी हवी का? नाही. पाणी वापरणार का? रंगाच्या डब्यापुरतं. असा अर्जदार त्यांनी आजवर पाहिला नसावा. 'सदर भिंतींवर पाणीविषयक रेषा मारण्यास या विभागाची हरकत नाही', असा शिक्का मारलेला कागद लगेच मिळाला. त्यावर एकच अट होती: परवानगीची प्रत कामाच्या जागी ठळक दिसेल अशी लावावी. सासूबाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी ती प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून घराबाहेरच्या भिंतीवर, रेघ जिथून सुरू होणार होती तिथेच, ठळक दिसेल अशी लावली.

आता पाइपबद्दल सांगायला हवं.

गल्ली उतरती आहे, समुद्र सपाट आहे. म्हणजे रेघ आमच्या घरापाशी डोक्यावरून जाणार, पुढे चढ लागेल तशी छातीला येणार, मग गुडघ्याला, आणि चढाच्या पायथ्याशी जमिनीत शिरून संपणार. ती समपातळीत राहावी म्हणून गवंडी वापरतात तसा एक लांबलचक पारदर्शक पाइप आणला. त्यात पाणी भरायचं आणि दोन टोकं दोघांनी भिंतीला धरायची. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला थांबलं की तिथे खूण करायची. उचलताना टोकावर अंगठा दाबायचा, धरल्यावर काढायचा. एका टोकाला सासूबाई होत्या. दुसऱ्या टोकाला कोण असणार, हे सांगायची गरज नाही.

सुट्टीच्या दिवशी, भर वस्तीत, पाण्याने भरलेला पाइप छातीशी धरून उभ्या असलेल्या माणसाला लोक काय काय विचारतात याची मला कल्पना नव्हती. पाणीखात्यात लागलात का, असं विचारलं. वर्तमानपत्र बंद पडलं का, असं विचारलं. एकाने नुसतंच थांबून आपल्या बायकोला सांगितलं, "बघ, सासूचं किती करतो." खरंतरकाका खुर्ची घेऊनच आले. खरं तर रेघ लाल हवी, म्हणाले. निळी म्हटली की माणसाला नळ आठवतो. गल्लीत त्या दिवशी बोलला गेलेला हा एकमेव दूरदर्शी विचार होता. तो काकांचा असल्यामुळे कोणी मनावर घेतला नाही.

मला मधे एक शिंक आली. पाइप हलला, अंगठा निसटला, औषधवाल्याच्या काउंटरवर थोडं पाणी सांडलं आणि आमची खूण बोटभर वर गेली. सासूबाईंनी दुरूनच ते ओळखलं. येऊन खूण पुसली आणि शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, समुद्राला शिंक येत नाही."

सलूनवाल्यापाशी काम अडलं. रेघ त्याच्या भिंतीवरून जात होतीच, पण सासूबाईंना ती दारातून आत, आरशावरून, पलीकडच्या भिंतीवर न्यायची होती. पाणी दाराबाहेर थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं. आरसा म्हणजे आपली लक्ष्मी, त्यावर रंग लागणार नाही, असं सलूनवाल्याचं म्हणणं. सासूबाईंनी वाद घातला नाही. त्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि बोट लांब करून आरशावर एका ठिकाणी टेकवलं. आरशातल्या सासूबाईंच्या ते बरोबर नाकाखाली आलं. सलूनवाला कितीतरी वेळ कधी आरशाकडे, कधी त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला की हरकत नाही, पण रेघ एकदम सरळ हवी. वाकडी आली तर लोक म्हणतील, याच्या दुकानातला कल्लाही वाकडाच असणार.

रेघ सरळ आली. हे मी जावई म्हणून सांगत नाही. टेकडीच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत दारं, खिडक्या, पाट्या, विजेचे खांब, भाजीवालीचा कट्टा, सगळ्यांवरून ती एका श्वासात ओढल्यासारखी गेली होती. गल्लीत तोवर जे जे होतं ते तिरकं आणि तुटक होतं. पहिल्यांदाच तिला एक सरळ गोष्ट मिळाली होती. संध्याकाळच्या उन्हात निळा रंग किंचित ओला दिसायचा आणि तिच्याखालून चालताना आपण कशाच्या तरी तळाशी आहोत असं वाटायचं. मी तिथून दोनदा उगाचच गेलो. सलूनमधली गिऱ्हाइकं आरशातल्या पाण्यावर नाक राहावं म्हणून आपोआप मान वर करू लागली, आणि गळ्याखालची दाढी करणं कधी नव्हे इतकं सोपं झालं, असं सलूनवाल्यानेच सांगितलं.

उरला होता मजकूर. सासूबाईंनी लिहिलेलं वाक्य असं होतं: 'समुद्राची पातळी अशीच वाढत राहिली, तर आपल्या नातवंडांच्या हयातीत मोठ्या भरतीचं खारं पाणी इथवर येणार!' त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला, आणि घोडा हरभरा दिसल्यावर करतो तसं माझं झालं. उद्गारचिन्ह मारलं. 'अशीच वाढत राहिली तर' हे पोटवाक्य, मथळ्यात चालत नाही. नातवंडं भावनिक. समुद्र तर रेघेतच दिसतो आहे. खारं हे विशेषण. उरलं ते मी त्यांना परत दिलं: 'पाणी इथवर येणार.'

त्यांनी ते वाचलं. "समुद्र गेला की यातून."

"गेला नाही, आई. लपला आहे. वाचणारा शोधून काढतो."

"काढतो?"

मी त्यांना मथळ्याचं शास्त्र थोडक्यात समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. शब्दांतलं तुम्हाला कळतं." मग ब्रश घेतला आणि रेघेखाली, ठिकठिकाणी, सुरेख अक्षरात ते तीन शब्द लिहिले.

पाणी इथवर येणार. शेजारीच पाणीपुरवठा विभागाचा शिक्का.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर प्लंबर उभा. त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं की नळ रेघेवर बसवायचे की रेघेखाली, कारण त्याच्याकडे बऱ्याच जणांनी काम सांगून ठेवलं होतं. त्याच्यामागे पलीकडच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाई होत्या. पाणी पहिल्या मजल्याच्याही खालीच येणार असेल तर आम्ही काय पाप केलंय, रेघ थोडी वर घेता येत नाही का, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या कोणाला तरी रागावून बोलत होत्या आणि तो मी होतो.

पण खरा मोर्चा चढावरून आला. टेकडीवरच्या इमारतींत नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी येतं, आणि आलं तरी करंगळीएवढं. तिथल्या कारभारी म्हणजे एक मावशी. त्यांना सगळे चढावरच्या मावशी म्हणतात. टँकरवाला त्यांना घाबरतो. त्या रेघेच्या शेवटाशी, जिथे ती जमिनीत शिरत होती तिथे, हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या आणि सासूबाईंना बोलावणं पाठवलं.

"बाई, तुम्ही शिकलेल्या," त्या म्हणाल्या. "आमच्या पायथ्याशी आणून रेघ पुरलीत? आम्ही माणसं नाही का?"

"अहो, पाणी चढावर चढत नाही."

"मोटर लावली की चढतं."

सासूबाईंनी त्यांना समुद्र, बर्फ, तापणारी हवा सगळं समजावून सांगितलं. मावशींनी सगळं ऐकलं, ते खरं असेल असंही मान्य केलं, आणि मग विचारलं की ते सगळं झालं तरी वरच्या इमारतींना पाणी किती वाजता सोडणार. त्याच दुपारी चढावरच्या लोकांनी स्वतःच वर्गणी काढून निळा रंग आणला. आमची रेघ जिथे संपत होती तिथून त्यांची सुरू झाली आणि भिंतीभिंतींवरून वळत, धापा टाकत, थेट टेकडीच्या माथ्यावरच्या इमारतीच्या टाकीपर्यंत पोचली. निळा रंग वेगळा होता, रेघ नागमोडी होती, आणि खाली जागोजागी लिहिलं होतं: पाणी इथवर येणार. माझा मथळा इतका दूरवर यापूर्वी कधीच पोचला नव्हता.

मी कचेरीत हा विषय काढला नाही. पण आमच्या शहर वार्ताहराला डोळे आहेत. माझ्या सुट्टीच्या दिवशी त्याने फोटोसकट बातमी दिली, आणि मथळा भिंतीवर आयताच मिळाल्यामुळे तोच घेतला. पहिल्या पानावर. मी इतकी वर्षं पहिल्या पानाच्या मथळ्याची वाट बघत होतो; तो माझाच होता आणि कोणाला सांगण्यासारखा नव्हता.

बातमी छापून आली त्या सकाळपासून पाणीपुरवठ्याच्या साहेबांचा फोन वाजायचा थांबेना. साहेब म्हणजे तिथले अभियंता. सरळ माणूस; अपुरं पाणी सगळ्यांना सारखं अपुरं मिळावं म्हणून दिवसभर झडपा फिरवत हिंडणारा. शहरभरातून त्यांना एकच प्रश्न येत होता: त्या गल्लीला डोक्यापर्यंत पाणी आणि आम्हाला थेंब नाही, असं का? ते तडक आमच्या घरी आले, भिंतीवरचा स्वतःच्याच विभागाचा शिक्का त्यांनी वाचला आणि जवळच्या पायरीवर बसले. बायकोने त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेल्याकडे थोडा वेळ संशयाने पाहिलं.

साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, रेघ आणि अक्षरं पुसावी लागतील. चुना मारायला माणसं पाठवतो. दुसरी, उद्याच्या अंकात खुलासा आलाच पाहिजे.

मला वाटलं आता सासूबाई पेटणार. त्या भिंतीवरचं भरतीचं कोष्टक बघत होत्या. "चुना मारा ना," त्या म्हणाल्या. "उद्या पौर्णिमा आहे, दुपारी या. तोवर माझं आवरते."

त्यांनी इतक्या सहज मान तुकवली याचं मला फार वाईट वाटलं. एवढं देखणं काम गल्लीतल्या भिंतींवर पुन्हा होणार नव्हतं, हे मला कळत होतं. पण खुलासा माझ्याकडे आला होता आणि त्याला एका रकान्यात दोन बोटं जागा होती. संपादकांनी फोनवर सांगितलं की मथळा असा द्या की एका नजरेत कळलं पाहिजे. मी नियमाप्रमाणे गेलो. मूळ मथळा घेतला आणि त्याला एक शब्द जोडला: 'पाणी इथवर येणार नाही.'

पौर्णिमेच्या सकाळी अंक आला. सासूबाई तो रोज चष्मा लावून पहिल्यापासून शेवटापर्यंत वाचतात. त्या दिवशी त्या आतल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यापाशी थांबल्या. मी वरून चहाचा कप घेऊन खाली आलो होतो.

"समुद्र येणार नाही, असं ठरलं का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागलो की हा नळाच्या पाण्याबद्दलचा खुलासा आहे, जागा कमी होती, शिवाय...

"जावईबापू, तुम्ही मला एका ओळीत खोटं पाडलंत," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी अंकाची नीट घडी केली, पुढच्या खोलीतल्या चपला उचलून फळीवर ठेवल्या आणि दारं उघडी टाकून बसल्या.

दुपारी साहेब आले. बरोबर चुन्याच्या बादल्या आणि मोठे कुंचले घेतलेले दोघे. ते आमच्या भिंतीपाशी पोचतात न पोचतात तोच चढावरून आवाज आला. चढावरच्या मावशी पुढे, मागे अख्खी टेकडी, आणि प्रत्येकाच्या हातात रिकामी बादली. सकाळी त्यांनीही अंक वाचला होता. येणार म्हणून कालपरवा छापलं आणि आज येणार नाही? मग रेघ पुसताच कशी, ते बघतो. मावशी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि बाकीच्यांनी बादल्या आपटायला सुरुवात केली.

म्हणजे सासूबाईंची रेघ वाचवायला लोक जमले होते, फक्त ती कशाची आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. सार्वजनिक कलेच्या इतिहासात याहून बऱ्याच वाईट गोष्टी घडल्या असतील, असं मी मनाशी म्हणत होतो, तेवढ्यात खरंतरकाकांनी खुर्चीवरूनच गर्दीला माझी ओळख करून दिली: खरं तर येणार म्हणणारे हेच आणि येणार नाही म्हणणारेही हेच.

मी साहेब आणि मावशी यांच्यामधे आलो. एका बाजूला चुना, दुसऱ्या बाजूला बादल्या. मी खुलाशाचा खुलासा सुरू केला. तो मी अर्ध्यातच सोडला, कारण पायाखालच्या गटाराने घशातून आवाज काढला.

ऊन लख्ख होतं. आकाशात ढग नव्हता. गटाराच्या जाळीतून पाणी वर आलं, कसलीही घाई नसल्यासारखं, आणि रस्त्यावर पसरायला लागलं.

"पाणी आलं," गर्दीत मागून कोणीतरी म्हणालं. ज्या सुरात चढावरची माणसं वर्षानुवर्षं हे दोन शब्द बोलत आली आहेत, त्याच सुरात. आणि त्याच सवयीने सगळी गर्दी पुढे सरकली, बादल्या खाली वाकल्या. मावशी पहिल्या. त्यांनी बादली आडवी धरली, भरली, आणि टँकरच्या पाण्याचं करतात तसं बोट बुडवून जिभेला लावलं.

त्या थांबल्या. "हे तर खारं आहे."

पाणी आता घोट्याला लागत होतं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मावशींना एवढंच सांगितलं, "आता वर बघा."

मावशींनी मान वर केली. रेघ त्यांच्या डोक्याच्याही वर होती. त्यांनी पायाखालच्या पाण्याकडे पाहिलं, परत रेघेकडे पाहिलं, आणि मधलं अंतर नजरेने पुन्हा एकदा मोजलं.

"हे? तिथवर?"

"तिथवर."

बादल्यांचा आवाज थांबला होता. गल्लीत इतकी माणसं आणि इतकी शांतता मी आजवर एकत्र पाहिली नाही. सगळ्यांच्या माना वर होत्या, आणि ती निळी रेघ त्या सगळ्या चेहऱ्यांवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ गेली होती. आठवडाभर भिंतीवर होती. लोकांनी ती त्या क्षणी पाहिली.

शांतता मावशींनीच मोडली. पाणी उंबरा ओलांडून सासूबाईंच्या खोलीत शिरत होतं. "माना वर करून काय उभे राहिलात," त्या आपल्या माणसांवर कडाडल्या, "बादल्या कशाला आणल्यात? उपसा की." मग दारादारात गोण्या पडल्या, रांग लागली, बादल्या या हातातून त्या हातात जायला लागल्या. प्लंबर होता, दुसऱ्या मजल्यावरच्या बाई होत्या. चुनेवाल्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली, आणि त्यांनी चुना एका कडेला ओतून बादल्या रांगेत दिल्या. समुद्र उपसता येत नाही हे मला माहीत आहे. पण भरती उतरेपर्यंत त्याला पुढच्या खोलीबाहेर ठेवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. खरंतरकाका खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. मावशींनी त्यांना उठवून ती खुर्ची गोण्यांवर ठेवायला नेली.

साहेब सलूनमधे सामान उचलायला गेले होते. ते येईनात म्हणून मी बघायला गेलो. सलूनवाल्याची पेटी त्यांनी फळीवर ठेवली होती आणि स्वतः दमून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत टेकले होते, पाय पाण्यात. समोर आरसा. त्यांचं नाक रेघेखाली होतं. त्यांनी सवयीने मान वर केली नाही. तसेच बघत राहिले. मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, "आमच्या झडपांत हे पाणी शिरलं, तर त्या मावशींना काय पाजणार मी?"

मी तरंगत आलेली एक चप्पल उचलून फळीवर ठेवली.

संध्याकाळपर्यंत पाणी आलं तसं गेलं. चुनेवाले कधीच परतले होते. रेघ पुसायचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही, फक्त जाताना भिंतीवरची शिक्क्याची प्रत मात्र काळजीपूर्वक काढून खिशात घातली. सासूबाई पायरीवर बसून ब्रश धूत होत्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो. माफी मागायची होती, पण किती शब्दांत, ते ठरत नव्हतं.

त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. "तुमचं वाक्य चांगलं आहे. एक शब्द परत घाला."

"कुठला?"

"शब्दांतलं तुम्हाला कळतं."

मी शिडीवर चढलो. 'पाणी'च्या आधी जागा अशी नव्हतीच; मीच ठेवू दिली नव्हती. त्या फटीत, आखडलेल्या, जरा तिरक्या अक्षरांत मी 'खारं' हे विशेषण लिहिलं. गल्लीभर लिहिलं. सासूबाईंच्या अक्षराशेजारी ते फार वाईट दिसतं. वाचणारा मात्र आता काही शोधत बसत नाही.

चढावरच्या लोकांनी आपली नागमोडी रेघ पुसली नाही. मावशींनी साहेबांनाच सांगितलं की ही राहणार. तिच्याखाली मात्र नवं वाक्य आलं: 'गोडं पाणी इथवर कधी येणार?' मी ते तीनदा वाचलं. त्यातून काढण्यासारखं काही नाही. माझ्या हयातीतला सगळ्यात चांगला मथळा टँकरवाल्याशी भांडणाऱ्या एका मावशींनी दिला, आणि तोही प्रश्नचिन्हासकट. साहेब रोज त्याच्याखालून जाताना चाल जरा मंद करतात, असं सलूनवाला सांगतो.

सासूबाईंची तक्रार एकच होती. पाणी खारं असो की गोडं, रेघ वाकडी चालणार नाही. त्यामुळे पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी टेकडीच्या मध्यावर, पाण्याने भरलेल्या पाइपच्या टोकावर अंगठा दाबून, शिंक आवरत उभा होतो. खालून एक ओळखीचे गृहस्थ चढत आले, माझ्यापाशी दम खायला थांबले, पाइपकडे बघितलं आणि विचारलं, "काय घरजावई, पाणी कधी येणार?"

"कुठलं?" मी विचारलं.